रक्तपुरवठा आणि उपशामक सेवा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रक्तसंक्रमणाचा इतिहास सामान्यतः प्राण वाचविण्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. युद्ध, अपघात, प्रसूती व शस्त्रक्रिया हे त्याचे ठळक संदर्भ होत. ज्या कर्करुग्णाचा आजार बरा होणार नाही हे निश्चित झाले आहे, त्यास रक्त कशासाठी व कोठवर द्यावे, हा प्रश्न या इतिहासात उशिरा उपस्थित झाला. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

संस्थात्मक पार्श्वभूमी :
कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचे वर्णन केले. १९१४ च्या सुमारास सोडियम सायट्रेटमुळे रक्त गोठू न देता ठेवणे शक्य झाले आणि १९३७ मध्ये शिकागो येथे रुग्णालयीन रक्तपेढी सुरू झाली. कृष्णाकाठी आधुनिक शस्त्रक्रियेची परंपरा त्यापूर्वीच रुजली होती. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरज येथे १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. पुढे मिरजेत १९६२ मध्ये शासकीय आणि कराड येथे १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. परिणामी वैद्यकीय सुविधा मिरज-सांगली व कराड-सातारा या पट्ट्यात एकवटल्या. जत, आटपाडी, माण, खटाव हे दुष्काळी तालुके आणि पाटण, जावळीचा डोंगराळ भाग त्यांपासून दूरच राहिला.

दोन प्रवाह :
सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने ऐच्छिक रक्तदानाचा पुरस्कार केला. रक्त ही विक्रेय वस्तू न राहता सामाजिक ठेव ठरली. साहजिकच तिच्या न्याय्य वाटपाचा प्रश्नही पुढे आला.

दुसरा प्रवाह उपशामक सेवेचा. सिसिली सॉण्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मुंबईत १९८६ मध्ये शांती अवेदना सदन उभे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले.

साताऱ्यातील प्रयोग :
मागणीनुसार रक्त पोहोचविणारी ‘जीवन अमृत सेवा’ प्रथम सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात राबविली गेली. जानेवारी २०१४ मध्ये ती राज्यभर लागू झाली. १०४ या क्रमांकावर मागणी नोंदविताच सुमारे ४० किलोमीटरच्या परिघातील रुग्णालयास शीतपेटीतून मोटारसायकलीने रक्त पोहोचविले जाई. रक्तासाठी नातेवाइकांनी धावाधाव करण्याऐवजी रक्तानेच प्रवास करावा, ही त्यामागील कल्पना होती. तथापि हे रक्त रुग्णालयापर्यंत येत असे, रुग्णाच्या घरापर्यंत नव्हे. उपशामक सेवेचा भर मात्र रुग्णाने अखेरचे दिवस घरी घालवावेत यावर असतो. २०२२ मध्ये ही योजना बंद करण्यात आली.

लाभ आणि मर्यादा :
प्रगत कर्करोगात रक्तस्राव, अस्थिमज्जेची हानी वा औषधोपचार यांमुळे रक्तक्षय होतो. थकवा व धाप वाढते. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १२ अभ्यासांतील ६५३ रुग्णांचा विचार केला गेला. ३१ ते ७० टक्के रुग्णांना आराम वाटला. परंतु सुमारे १४ दिवसांनंतर तो ओसरू लागला. २३ ते ३५ टक्के रुग्ण दोन आठवड्यांतच मृत्यू पावले. यांपैकी एकही अभ्यास यादृच्छिक नियंत्रित स्वरूपाचा नव्हता, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

समारोप :
चौदा दिवसांचा आराम हा क्षुल्लक लाभ नव्हे. दूरगावची लेक येऊन भेटेपर्यंतचा तो अवधी असू शकतो. मात्र जतहून मिरजेपर्यंतचा प्रवास, सुईची वेदना व रुग्णालयातील मुक्काम यांत त्यातील काही दिवस खर्ची पडतात. ‘रक्त चढवा’ हा कुटुंबाचा आग्रह अनेकदा कर्तव्यभावनेतून येतो. त्या वेळी रुग्णाची इच्छा विचारली जातेच असे नाही. अशा रुग्णास रक्त नाकारणे हे उत्तर नव्हे आणि सवयीने देत राहणे हेही नव्हे. प्रत्येक संक्रमणानंतर आराम वाटला का, हे रुग्णालाच विचारून पुढील निर्णय घेणे इष्ट ठरते. रक्तपेढ्यांचा इतिहास साठ्याच्या मोजमापाने लिहिला गेला. यापुढे त्यात या रुग्णाच्या उत्तराचीही नोंद व्हावयास हवी.