राख कोणी काढायची?

रोह्याच्या परिसरात भाताची गिरणी म्हटली की तिच्यामागे तुसाचा ढीग आलाच. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असते. एवढे जळण आयते पडलेले असताना लोक लाकूडफाटा का शोधत हिंडत, असे विद्यार्थी हमखास विचारतात. याचे बरेचसे उत्तर राखेत आहे. १ किलो लाकूड जळले की १० ते २० ग्रॅम राख उरते; १ किलो तुसाची सुमारे २०० ग्रॅम उरते, आणि ती बहुतांशी सिलिका असते. सुधारित चुलींचा इतिहास आपण सहसा धुराच्या बाजूने वाचतो. येथे आम्ही तो राखेच्या आणि काजळीच्या बाजूने पाहत आहोत.

जुन्या चुलीची राख सकाळी काढावयाची, मग पोतेरे फिरवावयाचे, हे घरातल्या बाईचे रोजचे काम होते. त्या राखेला गिऱ्हाईकही होते. भांडी तिने घासली जात, तुसाच्या राखेची राखुंडी दातांना लागे, उरलेली परसात जाई. वखारीतला लाकडाचा भुसा जाळण्यासाठी डब्याची शेगडी असे. डब्याच्या खालच्या अंगाला एक भोक, मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा ठासावयाचा, आणि बाटली अलगद काढून घ्यावयाची. खालून एक ढलपी पेटवली की भुसा तासन्‌तास जळे. स्वच्छता म्हणजे डबा उपडा करणे! इतकी सोपी व्यवस्था नंतरच्या कोणत्याही शास्त्रीय चुलीला साधली नाही, असे आमचे मत आहे. धूर मात्र होई.

तो धूर घराबाहेर काढण्यासाठी धुरांडे आले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ मध्ये मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये आपल्या निर्धूर चुलीची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो आवरता घेईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या होत्या.

आता धुरांड्याच्या आत काय होते ते पाहा. धूर थंड भिंतीला लागतो, त्यातील डांबरासारखा भाग गोठतो, त्यावर काजळी धरते. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सगळीकडून अडीच सेंटिमीटर थर बसला की व्यास निम्मा होतो, पण छेद चौथाईवर येतो. ओढ कमी पडते आणि धूर पुन्हा स्वयंपाकघरात शिरतो. एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ओडिशातील अशा चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. २०१२ मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर घटला, नंतर हा फायदा मावळला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची निगाही राखली गेली नाही. यावर ‘बायका निष्काळजी’ असे म्हणणारे आम्ही ऐकले आहेत. नळी कौलांच्या वर गेलेली असते. ती साफ करण्यासाठी छपरावर कोणी चढावयाचे, हे त्यांना विचारावे.

२००६ च्या सुमारास धुरांडे नसलेली ‘ऊर्जा’ ही शेगडी महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडूत आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधन आणि बीपी या तेल कंपनीचे भांडवल तिच्यामागे होते. जळण म्हणजे शेतातील टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या कांड्या. बॅटरीवरचा छोटा पंखा खालून जाळीतून आणि वरच्या भोकांतून हवा देई, त्यामुळे धूर जवळजवळ नाहीसा होई. पण खालची हवा जाळीतूनच येते. शेतमालाच्या राखेत पोटॅशियम असेल तर सिलिका कमी तापमानाला मऊ होऊन तिचे खडे बनतात व जाळीची भोके बुजतात. शेगडी निवल्यावर राख झाडून भोके मोकळी करणे अटळ. युरोपात घरगुती शेगडीच्या उत्तम प्रतीच्या लाकडी कांड्यांत ०.७ टक्क्यांहून अधिक राख चालत नाही. आपल्या तुसात २० टक्के!

सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या. २००९ मध्ये बीपी बाहेर पडली आणि व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. कांड्या महागल्या, घरगुती गिऱ्हाईक गळू लागले, आणि कंपनी हॉटेले व मोठ्या भटारखान्यांकडे वळली. तेथे राख काढण्याच्या कामाला पगार असतो.