वस्तऱ्याची परीक्षा : जुना घ्यावा कीं नवा?

पोथ्यांचा व ताम्रपटांचा संग्रह करणारे आमचे कांहीं स्नेही अलीकडे जुन्या हत्यारांकडे वळले आहेत. त्यांपैकीं दोघांतिघांनीं आम्हांस विचारलें कीं, क्षौरासाठीं वस्तरा विकत घ्यावयाचा तर तो जुन्या बाजारांतला घ्यावा कीं कोरा? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे; परंतु त्याच्या उत्तरांत लोहविद्या, व्यापाराचा इतिहास व साधनांची जपणूक हे तिन्ही विषय येतात. म्हणून ब्रह्मपुरी येथें आमच्या हातीं आलेल्या दोन वस्तऱ्यांच्या आधारें त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

संस्कृतांत या हत्यारास ‘क्षुर’ म्हणतात. हा शब्द ऋग्वेदांत आहे. अथर्ववेदाच्या ६ व्या कांडांत क्षौरकर्माचें एक सूक्त असून त्यांत क्षुराबरोबर ऊन पाण्याचाही निर्देश आहे. कठोपनिषदांतील क्षुरधारेचा दृष्टांत तर सर्वश्रुतच आहे. मराठींतील ‘वस्तरा’ मात्र फारसी ‘उस्तुरा’ या शब्दावरून आला. वस्तु प्राचीन, नांव मागाहूनचें, असा हा प्रकार होय.

धार कशी पारखावी हें सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या ८ व्या अध्यायांत सांगितलें आहे. तें विवेचन शल्यकर्माच्या शस्त्रांचें आहे खरें, तथापि वस्तऱ्यासही तें तंतोतंत लागू पडतें. शस्त्रास पाणी देण्याचे क्षार, उदक व तैल असे तीन प्रकार तो सांगतो. छेदनाच्या शस्त्राची धार अर्ध्या केसाइतकी सूक्ष्म असावी, ती लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिला घ्यावी, आणि लावलेली धार टिकविण्यास शाल्मलीची फळी वापरावी, असें त्याचें म्हणणें. शाल्मली म्हणजे आमच्या झाडीपट्टींतील सांवर. आज न्हावी चामड्याच्या पट्ट्यावर पातें फिरवितो, तेंच काम त्या फळीचें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या परीक्षेंत पोलाद, पाणी व धार यांस स्थान आहे, वयास नाहीं.

आतां आमचे दोन वस्तरे. पहिला येथील एका वृद्ध कारागिराच्या धोकटींतला. वापर थांबल्यावर त्यानें तो आपण होऊन आम्हांस दिला. पात्यावर गंज होता, मुठीजवळच्या पोलादावर पुसट अक्षरें होतीं. आम्ही उतावीळपणें तो एका कारखान्यांत चाकावर घासावयास दिला. आरशासारखा लखलखीत होऊन परत आला, पण अक्षरें साफ गेलीं. ताम्रपट चिंचेनें घासणाऱ्यांस आम्ही आजन्म बोल लावीत आलों, आणि तोच अपराध आमच्याच हातून घडला.

दुसरा वस्तरा बाजारांत मिळाला. विकणारा म्हणाला, “गुरुजी, हा भोसल्यांच्या राज्यांतला. आपल्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा आहे.” ही गोष्ट ऐकतांच कोणाही वैदर्भीयाचें मन मोहावें अशी आहे. जुन्या चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील खनिजाची कीर्ति खोटी नव्हे. इ. स. १८८२ मध्यें जमशेटजी टाटा यांनीं त्यासंबंधींचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचला व तेथें कारखाना काढण्याचा विचार केला. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामीं अयोग्य ठरल्यानें तो बेत राहिला. लोणारी कोळशावर चालणाऱ्या येथील लहान भट्ट्याही विलायती लोखंडापुढें टिकल्या नाहींत.

देशी पोलाद क्षुरास योग्य नव्हतें, असेंही नाहीं. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यानें इ. स. १७९४ मध्यें ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनास सर जोसेफ बँक्स याजकडे पाठविले, आणि तेथील शस्त्रकार स्टोडार्ट यानें बारीक धारेच्या हत्यारांस तें उत्तम ठरविलें. अर्थात् विक्रेत्याचें विधान अशक्य कोटींतलें नव्हतें. प्रश्न पुराव्याचा होता.

या खेपेस आम्ही शहाणपण केलें. पातें चाकावर न देतां गोडें तेल व मऊ फडकें घेऊन दोन दिवस हळूहळू पुसलें. अक्षरें वर आलीं तीं रोमन लिपींत, आणि त्यांत सोलिंगेन या गांवाचें व जर्मनी देशाचें नांव निघालें. मालावर मूळ देशाचें नांव घालण्याचा प्रघात इंग्लंडांत १८८७ च्या, हिंदुस्थानांत १८८९ च्या व अमेरिकेंत १८९० च्या कायद्यानंतर दृढ झाला. नागपूरचें राज्य तर १८५४ मध्यें खालसा झालेलें. तेव्हां हा वस्तरा भोसलेकालीन नव्हे. शतकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा होय. लोहाऱ्याचें लोखंड डोंगरांत पडून असतां ब्रह्मपुरीची दाढी जर्मन पोलादानें होत होती, हें त्या चार अक्षरांनीं सांगितलें. आमच्या दृष्टीनें ही साक्ष भोसल्यांच्या कथेहून अधिक मोलाची आहे.

यावरून मूळ प्रश्नाचें उत्तर असें. स्वतःच्या दाढीपुरता चांगला जुना वस्तरा नव्याहून उणा नाहीं. धार लावतांना कणा व धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात, म्हणून कण्याच्या जाडीवर धारेचा कोन अवलंबून असतो. कणा फार झिजला असेल, पातें वांकलें असेल अथवा गंजाचे खड्डे धारेपर्यंत गेले असतील, तर तो घेऊं नये. सेल्युलॉइडची मूठ कुजूं लागली असल्यासही टाळावा, कारण तिच्या वाफेनें पातें गंजतें. सोलिंगेनचा किंवा फ्रान्सांतील तिएर येथील नवा वस्तरा उत्तम, पण महाग. अगदीं स्वस्त नव्यास पुरतें पाणी दिलेलें असेलच असें नाहीं. मात्र एकच वस्तरा अनेकांस लावणें आज सर्वथा वर्ज्य समजावें. रक्तावाटे पसरणारी कावीळ व एड्स यांच्या भयानें दुकानांत दर गिऱ्हाइकास नवें पातें घालतात, तें योग्यच आहे.

पण ज्यावर अक्षरें आहेत असा वस्तरा वापरण्यापूर्वीं त्यांचा ठसा कागदावर उतरून घ्यावा. तो कोणत्या गांवीं, कोणत्या धोकटींतून आला हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. धार पुन्हां लावतां येते, गेलेलें अक्षर पुन्हां येत नाहीं. आमचा पहिला वस्तरा आजही केस सुरेख कापतो. तो कोठला, हें मात्र आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.