भेंडवळची घटमांडणी

भेंडवळ (ता. जळगाव जामोद, जि. बुलढाणा) इथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, सांडोई. भोवती अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर अशी १८ धान्ये. रात्री तिथे कुणी थांबत नाही. पहाटे कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ किती भिजले, यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा आक्षेप रास्तच; ढेकळाला मोसमी वारे कळत नाहीत. पण पऱ्हाटी लावावी की सोयाबीन पेरावे, हा प्रश्न कोरडवाहूवाल्यापुढे नेमका याच दिवसांत असतो आणि बियाण्याची थैली बहुधा उधारीवरच आणायची असते.