तारेच्या आत, १९३८

चाकणच्या चौकात तुम्ही उभे आहात आणि वर्षं भराभर मागे पळतायत. मोटारींचे कारखाने गेले, त्यांच्या जागी कांद्याचे वाफे आले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससुद्धा नाही. ती १९५४ ची. शिक्रापूरकडून पूर्वेला गेलात तर घोडनदी, म्हणजे शिरूर. १९०५ साली जन्मलेल्या तिथल्या बाळूताई खरे 'विभावरी शिरूरकर' नावानं लिहितात. पुढं त्या मालतीबाई बेडेकर झाल्या.

त्यांना भेटायला तुम्हाला सोलापूर गाठावं लागेल. साल १९३८.

गिरणीचा भोंगा होतो. 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवणाऱ्या सेटलमेंटच्या फाटकातून माणसं आत येतायत, बायकांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले. भोवती तारेचं कुंपण. हजेरी सुरू होते. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. तुमच्या पुढच्या म्हाताऱ्याला लेकीकडं जायचंय, पण पास मिळालेला नाही. त्यानं चोरी केली का, असं विचारू नका. गुन्हेगार जमाती कायद्यानं त्याची जमातच गुन्हेगार ठरवली आहे. कडेवरचं तान्हं पोरही त्यातच आलं.

मालतीबाई इथं सरकारी अधिकारी आहेत. त्या तारेच्या आत असतात, पण बाहेर जायला त्यांना पास लागत नाही. मला वाटतं, त्यांच्या 'बळी' या कादंबरीचं बळ इथूनच आलं. आपण कुठल्या बाजूला उभ्या आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून १९५० साली आलेल्या या कादंबरीत कोरडी कणव नाही. या माणसांची भूक आहे, भांडणं आहेत, माया आहे आणि सुधारणेच्या नावाखाली चाललेली कोंडीही आहे. त्यांच्याच 'कळ्यांचे निःश्वास'नं १९३३ मध्ये पांढरपेशा घरं हादरवली होती. 'बळी' त्या घरांच्या पार पलीकडं गेली, आणि माझ्या मते तीच त्यांची सर्वांत मोठी कादंबरी.

आता परत या. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, संशय मात्र राहिला. चोरी झाली की पोलीस आजही आधी तोच शिक्का बसलेल्या पारधी जमातीच्या पालावर जातात. चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी उभारलेल्या गुरुकुलात पारध्यांची मुलं शिकतायत. या कामासाठी प्रभुणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. तुम्ही पिंपरी-चिंचवडकर असाल तर आधी 'बळी' वाचा आणि मग त्या मुलांना भेटून या.