मानसिक आजाराची खात्रीलायक माहिती : कोठे शोधावी, कशी पारखावी
रुग्ण व कुटुंबीयांसाठी

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसराच्या किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे वाट पाहावी लागते. त्यातच कोविडची साथ सुरू होती आणि अनेक गावांत वीज व दूरध्वनी दीर्घकाळ बंद होते. पडलेल्या झाडांचे व उडालेल्या छपरांचे पंचनामे झाले. मात्र ज्याची झोप उडाली, वारा सुटताच ज्याच्या छातीत धडकी भरू लागली, जो घरातल्यांशी बोलेनासा झाला, त्याच्यासाठी पंचनाम्याच्या कागदावर रकाना नसतो.

अशा आपत्तीनंतर बहुतेक माणसे कुटुंबाच्या व शेजाऱ्यांच्या आधाराने काही काळात सावरतात. काहींचा त्रास मात्र रेंगाळतो आणि त्याचे आजारात रूपांतर होते. आपत्ती न येताही असे आजार होतात. घरात असा प्रसंग आला की कुटुंबीयांना तीन प्रश्न पडतात : हे नेमके काय आहे? हे बरे होईल काय? कोणाला विचारावे? या प्रश्नांना उत्तरे देणारे पुष्कळ भेटतात. खात्रीचे उत्तर देणारा कोठे भेटेल, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आजार किती आणि उपचार किती?

बंगळूर येथील ‘निमहान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. याचा अर्थ, नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ, व्यसनाधीनता, स्किझोफ्रेनिया किंवा वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंश यांपैकी काही ना काही आपल्याही वाडीत, आपल्याही धर्मग्रामात असणार. उपचार न मिळण्यामागे अंतर व पैसा ही कारणे आहेतच. लाज आणि चुकीची माहिती ही कारणेही तितकीच मोठी आहेत.

पहिली पायरी : जवळचा डॉक्टर

उदासी, चिडचिड, निद्रानाश किंवा कामातील अनास्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे अथवा सरकारी रुग्णालयात जावे. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दुसऱ्या आजारावर चालू असलेले औषध यांमुळेही मनावर परिणाम होऊ शकतो. वृद्ध व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली तर ताप वा जंतुसंसर्ग हे कारण असू शकते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडल्यावर हातापायांना कंप सुटला, भास होऊ लागले, तर ती तातडीची वैद्यकीय स्थिती होय. त्याला घरात कोंडून ठेवू नये, रुग्णालयात न्यावे.

पुढील तपासणीसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. केंद्र शासनाने तो १९९६ साली सुरू केला. रायगड जिल्ह्यासाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय हे त्याचे ठिकाण होय. श्रीवर्धनहून तेथे जाण्यास दिघी-आगरदांडा फेरीबोटीने मुरूडमार्गे किंवा म्हसळे-माणगाव मार्गे बराच वेळ लागतो. म्हणून मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी भेटतात आणि त्यांचे पथक आपल्या तालुक्यात येते काय, याची चौकशी आधी करावी. जुने कागद, चालू औषधांची पाकिटे आणि ‘केव्हापासून काय बदलले’ याची दोन-चार ओळींची नोंद सोबत न्यावी. दाखल होण्याची गरज भासल्यास ठाणे येथे १९०१ सालापासून प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात पुणे, नागपूर व रत्नागिरी येथेही अशी शासकीय रुग्णालये आहेत.

घरबसल्या विचारण्याची सोय

दिनांक १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६. ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. प्रशिक्षित समुपदेशक प्रथम ऐकून घेतात. आवश्यक तेथे तज्ज्ञांशी जोडून देतात व जवळच्या रुग्णालयाची माहिती देतात. रुग्णानेच दूरध्वनी केला पाहिजे असे नाही. आई, पत्नी, भाऊ, शिक्षक किंवा धर्मगुरू यांनाही विचारता येते. रुग्ण डॉक्टरांकडे येण्यास तयार नसेल, तर कुटुंबीयांनी येथून सुरुवात करणे हिताचे ठरते.

माहिती पारखण्याच्या खुणा

मोबाइलवर येणारे संदेश, चित्रफिती आणि जाहिराती यांतून माहितीचा पूर लोटला आहे. त्यातील ग्राह्य काय हे ठरवताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. सांगणारा कोण? मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो व त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही.

२. दोन्ही बाजू सांगितल्या आहेत काय? खरी माहिती औषधाचा गुण सांगते आणि दुष्परिणामही सांगते. उदाहरणार्थ, ‘मनाच्या गोळ्यांची सवय लागते’ असे सर्रास म्हटले जाते. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, हे खरे. नैराश्यावरील औषधांची तशी चटक लागत नाही; मात्र ती एकाएकी बंद केल्यास त्रास होतो. त्यांचा गुण दिसण्यासही साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हे ठाऊक नसल्याने अनेक रुग्ण आठव्या दिवशीच ‘काही उपयोग नाही’ म्हणून औषध सोडून देतात.

३. हमी दिली आहे काय? ‘सात दिवसांत कायमचा बरा’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. वेड, अपस्मार आदी विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे.

४. सांगणाऱ्याला त्यातून काही विकायचे आहे काय? असेल, तर दुसऱ्या जाणकाराला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भूत उतरविण्याच्या नावाखाली एखाद्यास मारहाण करणे, दोराने वा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

विचारणे हा आपला हक्क आहे

सर्वांत उपयोगी माहिती ही आपल्या रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांकडूनच मिळते, कारण छापील पान त्या रुग्णाला ओळखत नाही. पण तपासणीच्या खोलीत आपण संकोचतो, गर्दी असते, आणि प्रश्न मनातच राहतात. दिनांक २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने हा संकोच दूर केला आहे. आजाराचे स्वरूप व उपचाराची योजना समजून घेण्याचा हक्क रुग्णास व त्याने नेमलेल्या प्रतिनिधीस आहे; तीही त्यांना समजेल अशा भाषेत. म्हणजे मराठीत विचारणे आणि मराठीत उत्तर मागणे ही मेहेरबानी नव्हे. याच कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले आहे, रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही वैद्यकीय विम्याची तरतूद करण्यास विमा कंपन्यांना सांगितले आहे.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न घरूनच लिहून न्यावेत :

– आजाराचे नाव काय? अजून निदान निश्चित नसेल तर केव्हा होईल?
– हे औषध कशासाठी? गुण केव्हा दिसेल? कोणता त्रास झाल्यास लगेच कळवावे?
– किती दिवस घ्यावे? मध्येच संपले किंवा एक वेळ चुकली तर काय करावे?
– हेच औषध श्रीवर्धन किंवा म्हसळ्यात मिळेल काय?
– औषधाखेरीज समुपदेशन लागेल काय? घरच्यांनी कसे वागावे?

मराठीतून उपलब्ध आधार

ठाणे येथे १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ अर्थात आयपीएच ही संस्था स्थापन केली. मराठीतून मनआरोग्याचे लोकशिक्षण हे तिचे मोठे कार्य आहे. पुण्यातील ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था रुग्णांच्या कुटुंबीयांना एकत्र आणते. व्यसनमुक्तीसाठी पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. मद्यपींनी परस्परांना आधार देण्यासाठी ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभा ठिकठिकाणी भरतात, त्यांना शुल्क नसते.

विषय घरात कसा काढावा हे सुचत नसेल, तर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे चित्रपट उपयोगी पडतील. ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या तरुणाची आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची कथा सांगतो. राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ‘कासव’मध्ये कोकणकिनाऱ्याच्या पार्श्वभूमीवर नैराश्यातील तरुणाचे चित्रण आहे. चित्रपट पाहून निदान करू नये. बोलण्यास तोंड फुटावे एवढ्यासाठी ते पाहावेत.

श्रद्धा आणि उपचार

‘प्रार्थना कमी पडली म्हणून हे झाले’ असे बोल रुग्णाच्या कानी पडू देऊ नयेत. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्य आणि औषधी या दोहोंना परमेश्वराची देणगी मानतो. संत जॉन ऑफ गॉड यांना सोळाव्या शतकात ग्रॅनडा येथील इस्पितळात वेडे समजून ठेवण्यात आले होते. तेथील रुग्णांची दैना त्यांनी स्वतः भोगली आणि पुढे रुग्णसेवेला आयुष्य वाहिले. ख्रिस्तसभेने त्यांना आजाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून गौरविले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००६ सालच्या जागतिक रुग्ण दिनाचा संदेश मानसिक रुग्णांच्या सेवेलाच अर्पण केला होता.

भूतबाधेच्या शंकेबाबतही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. अपदूत घालविण्याचा विधी महागुरूंच्या परवानगीवाचून करता येत नाही, आणि तत्पूर्वी हा आजार नाही याची खात्री करून घ्यावी लागते. मानसिक आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे, असे ‘कॅथलिक श्रद्धाग्रंथ’ सांगतो. तोच ग्रंथ असेही शिकवतो की गंभीर मानसिक विकारामुळे आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद नाही. शोकाकुल कुटुंबाला हे सांगणे, हीही खात्रीची माहिती देणेच आहे.

रुग्णाभ्यंग संस्कार, घरी येणारा पवित्र कम्युनियन, शेजाऱ्यांची जपमाळ यांतून रुग्णाला बळ मिळते. त्यांबरोबर औषध चालू राहिले पाहिजे. धर्मगुरूंनी वा प्रार्थनागटाने कोणाचेही औषध बंद करण्यास सांगू नये.

विलंब नको

‘मी नसतो तर बरे’ असे बोलणे, निरवानिरव करणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे ही धोक्याची चिन्हे होत. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, असे प्रेमाने व सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट ओझे हलके होते. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये. कीटकनाशके आणि औषधांचा साठा कुलपात ठेवावा. १४४१६ वर बोलावे. प्रसंग निकराचा असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसी कटकटीच्या भीतीने रुग्णालय टाळू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेण्याचे कर्तव्य २०१७ च्या कायद्याने शासनावरच सोपविले आहे.

वादळानंतर वाडीतील पडलेली झाडे बाजूला करण्यास शेजारी कोयते घेऊन आले होते. आजाऱ्याच्या घरीही तसेच जावे. सल्ल्यांचा भार नेऊ नये. एक खात्रीचा क्रमांक, एक पत्ता आणि दवाखान्यापर्यंत सोबत एवढे न्यावे. प्रभू येशू आपल्या सर्व मानसिक रुग्णांना व त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांना धीर देवो.