द्वाड पोर आणि त्याची नाडी

एखादं मूल मागचा-पुढचा विचार न करता दगड भिरकावतं, दुसऱ्याच्या हातातलं हिसकावून घेतं. अशा मुलासाठी आपल्याकडे शब्द तयारच असतात: द्वाड, वांड, हूड, व्रात्य. आमच्या बेळगावकडच्या बायका तर "रक्तातच आहे त्याच्या" म्हणून मोकळ्या होतात. हे वाक्य मला नेहमी खुपत आलं आहे. शास्त्राने ते खरोखरच तपासून पाहिलं, त्याची ही हकिकत.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली, पण हवं ते आत्ताच हवं, शिक्षेचा उपयोग शून्य, अशा मुलांचं वर्णन त्यांनी केलं. त्यांनी त्याला नैतिक संयमाचा अभाव म्हटलं खरं, पण कारण शरीरातही असू शकेल, असं सुचवलं. दोष आई-बापांच्या वळणाचाच, असं धरून चालणाऱ्या काळात हे मोठंच होतं.

शरीर मोजायची साधनंही तोवर निघाली होती. माणूस दचकला की तळहाताला किंचित घाम येतो आणि कातडीतून वीज सहज वाहते, हे १८८८ साली फ्रान्समध्ये फेरे यांनी नोंदवलं होतं. न बोलणाऱ्या मुलाची भीती अशी यंत्रावर दिसू लागली.

या साधनांचा मोठा उपयोग झाला मॉरिशसमध्ये. ऊसमळ्यांवर गेलेल्या आपल्या कोकणी माणसांची नातवंडं-पतवंडं जिथे आजही मराठी म्हणून ओळखली जातात, तेच हे बेट. १९७२ च्या सुमारास तिथल्या दोन गावांतली तीन वर्षांची १,७९५ मुलं तपासली गेली. नाडीचे ठोके मोजले. एक सूर ऐकवायचा, आणि त्यामागून कर्कश आवाज. काही वेळाने नुसता सूर ऐकूनच मुलाच्या तळहाताला घाम सुटतो का, ते बघायचं.

पुढे पंचवीसएक वर्षं अभ्यासकांनी ही मुलं नजरेआड होऊ दिली नाहीत. तिसऱ्या वर्षी शांत बसलेले असताना ज्यांचे ठोके मंद होते, त्यांच्यात अकराव्या वर्षी मारामारी जास्त आढळली. तेविसाव्या वर्षापर्यंत गुन्ह्यात सापडलेल्या १३७ जणांच्या जुन्या नोंदी काढल्या, तर लहानपणी त्या सुराने त्यांना घाम सुटलाच नव्हता. पुढच्या संकटाची चाहूल त्यांच्या अंगाला लागतच नव्हती म्हणा ना. काहींच्या मते अशा मुलांना भीतीच कमी वाटते. काहींच्या मते शरीर इतकं सुस्त असतं की जागं राहायला त्यांना धडपड, दंगा लागतो.

म्हणजे बायकांचंच खरं ठरलं? तसं नाही. मंद नाडीची कितीतरी मुलं सरळ निघाली. शिवाय याच अभ्यासातली शंभर मुलं तिसऱ्या वर्षापासून दोन वर्षं खास बालवाडीत घातली होती. गावच्या बालवाडीत तिसेक मुलांमागे एक बाई असायची, इथे पाच-सहा मुलांमागे एक. रोज भरपूर खेळ, दूध, फळांचा रस, गरम जेवण. जेवणात मासे-मटणही असायचं. मी जैन असले तरी झालं ते लिहिलंच पाहिजे. अकराव्या वर्षी ही मुलं पुन्हा यंत्राला जोडली, तर तशाच इतर मुलांपेक्षा त्यांची कातडी आणि मेंदू जास्त सजग निघाले. सतराव्या वर्षी त्यांचं वागणं बरं होतं, आणि लहानपणी ज्यांची उपासमार झाली होती त्यांना फायदा सर्वांत जास्त झाला होता.

"रक्तातच आहे" म्हणताना आपण त्या मुलाचा हात सोडून देत असतो. मॉरिशसच्या नोंदी सांगतात की तीन ते पाच या वयात शरीर अजून ऐकतं. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, मुलंही नेमकी त्याच वयाची. तिथल्या ताटात काय पडतं आणि एका बाईच्या पदरात किती पोरं असतात, हे आधी विचारू या. द्वाड कोण, ते मग ठरवता येईल.