दंड करणाराच न्यायाधीश असेल तर?

आज एक साधा प्रश्न. पालिकेने तुमच्यावर खटला भरला आणि तुम्हाला तो मान्य नाही. मग दाद कुणाकडे मागायची? सरकारच्याच माणसाकडे?

आपल्या नाशिकमध्ये एकेकाळी अगदी असंच होतं. इथे नगरपालिका आली १८६४ साली. रस्त्यात घाण टाकली, ओटा पुढे काढला, की प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे. आणि तालुक्यात मॅजिस्ट्रेट कोण? बरेचदा मामलेदार. म्हणजे सारा वसूल करणारा तोच, शिक्षा सुनावणाराही तोच! त्याचा साहेब कलेक्टर. नगरपालिकेच्या ठरावाला स्थगिती देणारा तोच आणि जिल्ह्याचा मुख्य मॅजिस्ट्रेटही तोच.

२१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळ्या घातल्या, तो जॅक्सन आपल्याला 'कलेक्टर' म्हणून माहीत आहे. पण त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना सेशन्स कोर्टाकडे पाठवलं, ते त्याने मॅजिस्ट्रेट म्हणून. माणूस एक, खुर्च्या दोन.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड मीच लिहिला, टेस्ट मीच केला आणि पासही मीच केला. चुका सापडणार कशा?

ही कामं वेगळी करा, अशी मागणी काँग्रेसने १८८६ पासूनच लावून धरली होती. पुढे राज्यघटनेच्या कलम ५० ने तेच सांगितलं. मुंबई राज्याने १९५१ मध्ये तसा कायदा केला, आणि १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी संहितेने ही विभागणी देशभर नेली. खटले कलेक्टरच्या हाताखालून निघाले आणि हायकोर्टाच्या देखरेखीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आले.

हा प्रश्न जुना झाला असं वाटतंय? मग फर्ग्युसन बघा. पुण्याचं कॉलेज नाही हो, अमेरिकेतलं शहर! तिथलं नगर न्यायालय न्यायापेक्षा शहराच्या तिजोरीसाठी दंड गोळा करतंय, असं २०१५ मध्ये सरकारी चौकशीतच निघालं. मग मिसुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथले खटले राज्याच्या अपील न्यायालयातल्या एका न्यायाधीशाकडे सोपवले.

आता आपल्याकडे या. प्लॅस्टिकबंदीत पहिल्याच वेळी दंड ५,००० रुपये. छोट्या दुकानदाराची ती कित्येक दिवसांची कमाई. कटकट नको म्हणून तो भरून मोकळा होतो. पण चूक नसेल, तर कोर्टात जाऊन तसं सांगता येतं. आणि तिथे ऐकणारा माणूस पालिकेचा नोकर नसतो. एवढ्यासाठी किती वर्षं गेली, ते आत्ताच ऐकलंत. भेटू पुढच्या भागात!